निगडवणची चौथी साद

आवाज कधी मरत नाही, तो विश्वात कुठंतरी फिरत राहतो, असं कीर्तनात सांगतात आणि शाळेच्या स्नेहसंमेलनातही सांगतात. मी ध्वनिशास्त्रात पंचवीस वर्षं घालवली आहेत, तेव्हा स्पष्टच सांगते, ही लोणकढी थाप आहे. तुम्ही हाक मारली की दोन-चार सेकंदांत ती हवेत, भिंतीत, समोरच्याच्या सदऱ्यात जिरते. तिची जराशी ऊब होते, ती कुणाला जाणवतही नाही, आणि विषय संपतो. मागे राहते ती फक्त जागा, जिच्यावर आपटून ती परत आली होती.

आमची जागाही पाण्याखाली गेलेली. निगडवण हे सह्याद्रीतलं सत्तर उंबऱ्यांचं गाव धरणात बुडालं तेव्हा माझी आई, द्वारका सपकाळ, बावीस वर्षांची होती. ट्रकांत बसवून सगळ्यांना सोलापूर जिल्ह्यातल्या एका माळावर आणून सोडलं. जमीन मिळाली, काळी आणि चांगली मिळाली, खोटं कशाला बोला. पण नजर जाईल तिथवर सपाट. माझा जन्म या नव्या निगडवणातला, त्यामुळे मला ते सपाटपण कधी खटकलं नाही. आईला फार खटकायचं. "हितं हाक मारली की ती जातीया ती जातीयाच," ती म्हणायची. "माघारी फिरायचं नावच न्हाय."

जुन्या गावात एक रीत होती. माणूस गेला की तेराव्याच्या संध्याकाळी घरातल्या कुणीतरी नदीकाठच्या खडकावर उभं राहायचं आणि समोरच्या बुरूजकड्याकडे तोंड करून गेलेल्याचं नाव टाकायचं. नाव टाकणं, हाच शब्द. एकदाच टाकायचं, पण पोटातून. मग मोजायचं. नाव चार वेळा परत आलं की माणूस वाटेला लागला, घरच्यांनी डोळे पुसून घरी जायचं. कमी वेळा आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा.

माझा थोरला भाऊ बाळकू त्या माळावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये पहिल्याच उन्हाळ्यात तापानं गेला. चार वर्षांचा होता. तेराव्याला आईनं शेडमागं उभं राहून त्याचं नाव टाकलं. एकदाही परत आलं नाही. दुसऱ्या दिवशी टाकलं, तिसऱ्या दिवशी टाकलं. सव्वा महिना ती रोज टाकत होती, मग बाबांनी तिला हाताला धरून आत नेलं. पोरगं अजून वाटेला लागलेलं नाही, असं तिच्या मनानं घेतलं ते घेतलंच. त्याला आता सत्तावन्न वर्षं झाली. मी त्याच्यानंतर बारा वर्षांनी झाले आणि हे सगळं ऐकतच वाढले.

माझं यंत्र मी त्यासाठी बनवलं, असं मी कुठल्याही अर्जात लिहिलं नाही. अर्जात 'लुप्त स्थळांचे ध्वनिक पुनर्निर्माण' असं लिहिलं होतं. अर्ज असेच लिहायचे असतात.

यंत्राची गोष्ट तशी सोपी आहे. प्रत्येक जागेचा आवाजाचा एक ठसा असतो. रिकाम्या खोलीत फुगा फोडा, मग तोच देवळाच्या गाभाऱ्यात फोडा, फरक कानाला लगेच कळतो. हा ठसा आकड्यांत पकडता आला की कुणाचाही आवाज त्या जागेत नेऊन ठेवता येतो. आम्ही होडीतून ध्वनिलहरी सोडून धरणाचा तळ मोजला, साठलेला गाळ हिशेबातून वजा केला, धरणाआधीचे मोजणीचे नकाशे मिळवले, पाण्यावर राहिलेला अर्धा कडा लेसरनं मोजला. मग संगणकात अख्खं खोरं उभं केलं, गवताच्या छपरांसकट आणि हवेतल्या ओलाव्यासकट. दहा वर्षांपूर्वी एका टाळीचा हिशेब करायला पंधरा दिवस लागायचे. आता हाक तोंडातून निघून कड्याला पोचायच्या आत हिशेब तयार असतो.

दुसरा भाग ऐकवण्याचा. माळावर गोल रिंगण करून आम्ही चौसष्ट फलक उभे केले. एकेका फलकावर हजारो बारीक पडदे, ते सगळे मिळून हवेत हव्या त्या ठिकाणी आवाज उमटवतात. मधोमध उभं राहिलं की कान सांगतो, समोर कडा आहे. डोळा सांगतो, ज्वारी आहे. दोघांचं भांडण फार वेळ टिकत नाही, कान जिंकतो.

पैसा आणला शर्विल फणसेनं. शर्विल ध्वनिकलाकार आहे, बारमाही काळे कपडे घालतो, आणि कला म्हणजे काय असं विचारलं की आधी चहा मागवतो. स्थलांतर आणि दुःख यांवर जगभर जे प्रयोग होतात त्यांत त्याचं नाव आहे. आमच्या प्रयोगाचं नाव त्यानं 'हाळी' ठेवलं. मी त्याची कितीही टिंगल केली तरी एक कबूल करते, सादेच्या आधी किती शांतता हवी हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

पहिली चाचणी आम्ही गावातल्या म्हाताऱ्यांवर केली. जुनं गाव पाहिलेली अकरा माणसं उरली होती. त्यांतले ज्ञानू शेलार चौऱ्याऐंशी वर्षांचे, एके काळचे सरपंच, पुढे झाले. "बघू तर," असं म्हणून त्यांनी नुसताच "ओऽऽ" दिला.

सेकंदभर काही नाही. मग समोरून, ज्वारीच्या वरून, उंच कुठून तरी त्यांचा आवाज परत आला. मग उजवीकडच्या सुळक्यावरून, जरा फिकट. मग फार लांबच्या खिंडीतून, नुसता श्वासासारखा.

ज्ञानूअण्णांनी डोक्यावरची टोपी काढली आणि हात पुढे केला, समोर काहीतरी चाचपावं तसा. मागच्या बायका मटकन खाली बसल्या. एकीनं मातीला हात लावून कपाळाला लावला. सूत्रं माझी होती, एकेक आकडा माझा होता, आणि तरी माझ्या अंगावर काटा आला. मी कधीही न पाहिलेलं गाव माझ्या चारी बाजूंना उभं होतं, आणि मी पहिल्यांदाच त्यात होते.

मग आई म्हणाली, "वने, चवथी कुठं हाय?"

"तीनच आहेत, आई."

"चार व्हत्या."

अकराही जणांनी माना डोलावल्या. चार होत्या. मी आठवडाभर सगळे आकडे पुन्हा तपासले. खोऱ्यात आवाज परतवणारे तीनच मोठे पृष्ठभाग होते, चौथा कुठून आणू? शर्विल म्हणाला, "अगं, घाल एक चौथी. पंधरा मिनिटांचं काम आहे. त्यांना हवी आहे ना?"

मी नाही म्हणाले. पण त्याच आठवड्यात आईच्या कानाचा अहवाल आला. उजवा कान आधीच गेलेला, डाव्याची नस सुकत चाललेली. संक्रांतीपर्यंत तोही जाईल, असं डॉक्टर म्हणाले. कवटीत यंत्र बसवलं तर बोललेलं कळेल, पण कडा लांब आहे की जवळ हे त्या यंत्राला सांगता येत नाही. सत्तावन्न वर्षं वाट पाहिलेल्या बाईला मी तीन सादांवर परत पाठवणार होते. मी चौथी घातली. साडेचार सेकंदांनी, आईच्याच आवाजात, छान फिकट करून.

संध्याकाळी मी तिला एकटीला रिंगणात नेलं. ती शहाणी, तिनं बाळकूचं नाव टाकलं नाही. आधी स्वतःचं टाकून पाहिलं. "द्वारकाऽऽ!"

चार वेळा आलं. ती माझ्याकडे वळली.

"ही चवथी माझ्याच आवाजातली हाय."

"साद आपल्याच आवाजात येते, आई."

"पहिल्या तीन येत्यात. चवथी कडजाई देती. जरा थांबून, बारीक आवाजात, आन् तिसरीपरीस मोठ्यानं. ह्ये तू केलंस." तिनं चष्मा काढून पुसला. "लेकाच्या नावात भेसळ करू नगंस, वने."

मला लाज वाटली, खूप वाटली. घरी येऊन मी ती चौथी पुसून टाकली आणि अंगणात बसून राहिले. मग डोक्यातलं शास्त्र जागं झालं. उशिरा येणारी साद आधीच्या सादेपेक्षा मोठी? एखाद्या बापाच्या घोगऱ्या हाकेला बारीक आवाजात उत्तर? कडजाई ही कड्यावरची देवी, तिच्याबद्दल मला आदर आहे, पण दगड आवाज बदलत नाही. ती चौथी साद नव्हतीच. तिथं कोणीतरी होतं.

मी जुना मोजणी नकाशा उघडला, संगणकानं साफ केलेला नव्हे, मूळ. बुरूजकड्याच्या माथ्यावर, पठाराच्या अगदी टोकाला, सहा बारीक ठिपके होते आणि शेजारी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं : धनगरवाडा. माझ्या संगणकानं ते शाईचे डाग समजून पुसले होते. डाग पुसायची सूचना मीच दिली होती.

सकाळी ज्ञानूअण्णांना गाठलं.

"व्हती की," ते म्हणाले. "गवळी धनगर. तूप, खवा घेऊन यायची खाली. चांगली माणसं."

"ती कुठं गेली?"

"न्येली कुठंतरी. आमच्या आधीच न्येली. कोकणात म्हणत्यात." आणि थोड्या वेळानं, स्वतःशीच म्हणाल्यासारखं, "आमी काय इचारलं न्हाय."

त्यांची विस्थापितांची यादी वेगळी होती, म्हणून गावच्या कुठल्याच कागदात ती माणसं नव्हती. तीन आठवडे कचेऱ्यांचे उंबरे झिजवल्यावर समुद्राकाठच्या एका वसाहतीचा पत्ता लागला. म्हशी केव्हाच विकलेल्या, पोरं कारखान्यात लागलेली. भागाबाई झोरे चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. त्यांनी मला दोन दिवस ठेवून घेतलं आणि जेवू घातलं, मग बोलल्या.

"खालनं नाव आलं की आमच्यातल्या बाईमाणसानं टोकाला जाऊन ते माघारी द्यायचं. आधी माझी सासू द्यायची. मी लग्न होऊन आले, मग मी."

"का द्यायचात?"

त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. "का म्हंजे? माणूस गेलेलं असायचं. नाव कुणीतरी ऐकलं, येवढं तरी खालच्यांना कळाया नको?"

मी सांगितलं, की खालच्यांना ते तुम्ही आहात हे ठाऊकच नव्हतं. त्यांना वाटायचं, देवी देते.

भागाबाई हसल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "देवी! आणि तीच देवी सकाळी दूध घेऊन गेली की पाणी घातलंस म्हणायचे." मग हळूहळू हसू ओसरलं. "आमचं कुणी गेलं की आम्हीपण टाकायचो, टोकावरनं खाली. तुमच्याकडनं कधी आलं नाही. आमची म्हातारी म्हणायची, कडा खालचं वर नेतो, वरचं खाली नेत नाही."

ध्वनिशास्त्रात एक साधा नियम आहे. वारा पडलेला असेल तर खालचा आवाज वर जितका पोचतो, तितकाच वरचा खाली पोचतो. खोरं पक्षपात करत नाही. हा नियम मी विद्यार्थ्यांना पहिल्या आठवड्यात शिकवते. भागाबाईंच्या अंगणात तो माझ्या तोंडून निघाला नाही.

घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं आणि शेवटी विचारलं, "वरनं नाव टाकलेलं तुम्हाला ऐकू यायचं?"

आई मेथी निवडत होती. तिनं तीन-चार काड्या निवडल्या.

"यायचं," ती म्हणाली. "आमी म्हणायचो, गुरं हाकत्यात."

त्यानंतर ती दोन दिवस धड जेवली नाही.

शर्विलला सांगितलं तेव्हा त्यानं चहासुद्धा मागवला नाही. अर्धे फलक त्यानं टेम्पोत घालून स्वतः कोकणात नेले. आता खोऱ्याला दोन टोकं झाली. आमच्या माळावर नदीकाठचा खडक, आणि तीनशे किलोमीटरवर, समुद्राकडेच्या उघड्या टेकाडावर, कड्याचा माथा. मधे आमचं मोजलेलं खोरं, जे आता कुठंच नाही आणि दोन्हीकडे आहे. तारेतून आवाज पोचायला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही, म्हणून आम्हाला तो मुद्दाम थांबवून ठेवावा लागला. हाक नदीपासून माथ्यापर्यंत जायला खरोखर जेवढा वेळ घ्यायची, तेवढा आम्ही तिला घेऊ दिला.

प्रयोग मार्गशीर्षात ठेवला, दिवेलागणीला. थंडीच्या संध्याकाळी जमीन आधी गार होते, वरची हवा उबदार राहते आणि आवाज आकाशात निसटून न जाता खाली वळतो. आमच्या पूर्वजांना हवेचे थर माहीत नव्हते, पण या वेळेला हाक लांब जाते हे माहीत होतं. अख्खं गाव आलं, पुण्या-मुंबईहून शर्विलची मंडळी आली, तीनेकशे माणसं रिंगणाबाहेर बसली. शर्विलनं सगळे दिवे घालवले आणि काही न बोलता बाजूला झाला.

आई मधोमध जाऊन उभी राहिली. डावा कान पुढे केला. मी दहा पावलांवर होते आणि मला तिच्या पाठीकडेही बघवत नव्हतं. चौथी आली नाही तर? आली आणि तिला ऐकूच गेली नाही तर?

"बाळकूऽऽ!"

ऐंशीला टेकलेल्या त्या बाईत तो आवाज कुठं राहिला होता, देव जाणे. बावीस वर्षांच्या आईचा आवाज होता तो.

कड्यानं दिलं. बाळकू. सुळक्यानं दिलं. खिंडीनं दिलं, जेमतेम. मग शांतता. मी सेकंद मोजत होते. पाच. सहा. सात. कुणीतरी खोकलं आणि मला त्याचा गळा धरावासा वाटला. आठ.

आणि उंचावरून, कड्याच्याही वरून, जिथं फक्त एक चांदणी उगवली होती तिथून, बारीक, थरथरता, पण साफ आवाज आला.

"बाळकूऽऽ!"

तिथं कोणीही नाही हे मला माहीत होतं. माळावर आकाश होतं, दुसरं काही नव्हतं. तरी तीनशे माणसांनी माना वर केल्या आणि मीही केली. मला तो माथा दिसला. काठावर उभी असलेली बाई दिसली. खाली नदी आणि सत्तर घरांचा धूर दिसला. आयुष्यात इतकं मोठं काही मी पाहिलेलं नाही, आणि मी काहीच पाहत नव्हते.

आई हळूच खाली बसली. तिला ऐकू गेलं होतं. दोन्ही हात तिनं मांडीवर उताणे ठेवले आणि ती रडली, सावकाश, घाई नसलेल्या माणसासारखी. "लागलं माझं लेकरू वाटंला," एवढंच म्हणाली.

शहरातल्या मंडळींनी टाळ्या सुरू केल्या. शर्विलनं हात वर करून त्या थांबवल्या, कारण वरून पुन्हा आवाज आला होता. हे ठरलेलं नव्हतं.

"कोंडीबाऽऽ!"

नाव खोऱ्यात उतरलं. कड्यानं दिलं, सुळक्यानं दिलं, खिंडीनं दिलं. भागाबाईंनी दोन दिवसांत आपल्या नवऱ्याचं नाव मला एकदाही सांगितलं नव्हतं. 'हे' म्हणायच्या आणि भिंतीवरच्या फोटोकडे हनुवटी करायच्या. ते नाव आता आमच्या डोक्यांवरून तीन वेळा गेलं, आणि मग थांबलं.

चौथी आमच्याकडून जायची होती.

कुणी हललं नाही. ज्ञानूअण्णा जमिनीकडे बघत होते. सेकंद जात होते. समुद्राकडेच्या टेकाडावर एक बाई कान देऊन उभी आहे आणि तिला परत तेच मिळणार आहे जे आयुष्यभर मिळालं, हे मला स्पष्ट दिसत होतं. मीच ओरडावं म्हणून तोंड उघडलं, पण तेवढ्यात आईनं मला खुणेनं जवळ बोलावलं. लांबचं अनोळखी नाव तिला कळलं नव्हतं.

"काय म्हनाली ती?"

मी तिच्या डाव्या कानाशी तोंड नेलं. "कोंडीबा म्हणाली, आई. त्यांचे मालक असावेत."

"मला उठीव."

मी तिला उठवलं. तिनं माझा हात सोडला, पदर खोचला, वर तोंड केलं.

"कोंडीबाऽऽ!"

ती एकटीच होती, क्षणभर. मग ज्ञानूअण्णांचा फाटका आवाज मागून आला, कोंडीबा, मग बायकांचा, मग सगळ्या गावाचा. कोंडीबा झोरे हा माणूस त्यांतल्या बहुतेकांनी पाहिलाही नव्हता.

मग वरून कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला, भागाबाईंच्या मागे माणसांची कुजबुज आली, आणि मग एका बाप्याचा दबका आवाज, "आता माझ्या आयचं टाकू का?"

आई म्हणाली, "टाक म्हनावं. आमी हाय हितं."